५० यार्डांवरून एकदा ४०, एकदा ६२: वेजच्या अंतराचा घोळ कसा सोडवायचा

गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांचं लक्षण सारखंच असतं. पूर्ण स्विंगचा पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या, उंच शॉटसाठीचा तिरक्या फेसचा क्लब) बऱ्यापैकी ठरल्या जागी पडतो, पण ३० ते ८० यार्डांच्या पट्ट्यात आलं की अंदाज कोलमडतो. एक चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या आखूड गवताच्या, अलीकडच्या वाळूच्या बंकरमध्ये, आणि तसाच वाटलेला पुढचा स्विंग थेट ग्रीनपलीकडे. यावर ‘हातात फील नाही’ असं म्हणून बरेच जण सरावाच्या रेंजवर आणखी दोन बास्केट चेंडू मारतात, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. अंतर चुकण्याची कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. खूण न बघता उपाय सुरू केला, तर जे बरोबर होतं तेही बिघडतं.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट घ्याव्यात.

स्विंगला हात लावण्याआधी

कित्येकदा शॉट बरोबर असतो, आकडा चुकीचा असतो. अंतर मोजणारा रेंजफाइंडर मीटरवर राहिला असेल, तर तो दाखवतो ते ७० म्हणजे प्रत्यक्षात साडेशहात्तर यार्ड. लेझरने झेंड्याऐवजी मागचं झाड पकडलं असेल, तर दहा-पंधरा यार्ड फुकट वाढतात. दोन-तीनदा मोजून आकडा तोच येतो का ते बघावं. ग्रीन उंचावर असेल तर साधारण जितकी उंची तितकंच अंतर वाढवायचं, कारण अर्ध्या स्विंगच्या वेजचा चेंडू जवळपास ४५ अंशात खाली येतो. ग्रीन पाच यार्ड वर असेल तर पाच यार्ड जास्त. रेंजफाइंडर हे गणित स्वतः करत असेल तर सरावात खुशाल वापरा. स्पर्धेत मात्र ती सोय बंद ठेवावी लागते, कारण नियमांत अंतर मोजायला मुभा आहे, चढ-उतार मोजायला नाही.

सगळ्यात मोठी गफलत झेंड्याच्या आकड्याची. वेजचा हिशेब कॅरीचा, म्हणजे चेंडू पहिला टप्पा कुठे घेतो त्याचा करायचा. झेंडा ७० वर आहे म्हणून ७० कॅरी मारला आणि ग्रीन टणक असेल, तर चेंडू ७६ वर जाऊन थांबेल आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसाल. आधी टप्प्याची जागा ठरवा, मग त्या जागेचं अंतर काढा.

रेंजच्या चेंडूंवरही विसंबू नका. त्यांचं आवरण कडक असतं. ड्रायव्हरला त्याने फारसं बिघडत नाही, पण वेजला युरेथेन आवरणाच्या चेंडूच्या तुलनेत स्पिन बराच कमी मिळतो, चेंडू उंच निघतो आणि पडल्यावर पळतो. अंतराचा तक्ता बनवायचा तो ज्या चेंडूने फेरी खेळता त्याच चेंडूने. दहा-बारा जुने पण त्याच मॉडेलचे चेंडू बाजूला काढून ठेवले की काम होतं.

दहा चेंडूंची चाचणी

५० यार्डांवर एक टॉवेल टाका. एकच वेज घ्या. प्रत्येक चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा आणि ठिपका क्लबफेसकडे (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूकडे) करून चेंडू ठेवा. शॉटनंतर फेसवर शाईची खूण उमटते. ती कुठे आहे ते लिहा आणि पुसून टाका. चेंडू कुठे पडला तेही लिहा. मधल्या मधे सुधारणा करू नका. पहिला चेंडू कमी पडला म्हणून दुसरा जोरात मारलात तर चाचणीला अर्थ राहत नाही. शक्यतो गवतावरून मारा, म्हणजे डिव्हटही (क्लबने जमिनीत उकरलेली खूणही) वाचता येईल. (फेसवर पावडर किंवा टेप लावूनही हे करता येतं, पण सरावापुरतंच. फेरीत फेसवर काही लावून खेळणं नियमात बसत नाही.)

सर्वांत लांबचा आणि सर्वांत जवळचा चेंडू सोडून द्या. उरलेल्या आठांचं चित्र तीनपैकी एका प्रकारचं असेल.

खुणा फेसभर विखुरलेल्या आणि चेंडूही विखुरलेले: दोष संपर्काचा आहे.

खुणा एका जागी, पण चेंडू मागे-पुढे: दोष वेगाचा आहे.

खुणा एका जागी, चेंडूही एकत्र, पण सगळेच ४३ वर किंवा सगळेच ५८ वर: स्विंगमध्ये काही दोष नाही. तुमचा अंदाज चुकीचा आहे, तक्ता केला की प्रश्न मिटेल. असे खेळाडू उगाच टेम्पो बदलत बसतात, हे फार वाईट.

आठ चेंडू साधारण दहा यार्डांच्या पट्ट्यात बसत असतील, तर हौशी खेळाडूने संपर्काची चिंता सोडून पुढे जावं.

संपर्क बिघडलेला असेल तर

पहिल्या चित्रातच सर्वांत जास्त लोक सापडतात, मानायला कोणी तयार नसलं तरी. फेसवरची खूण वर, म्हणजे शेवटच्या खाचांच्या आसपास असेल, तर चेंडू उंच जातो, आवाज बोथट येतो आणि अंतर कमी पडतं. क्लब जमिनीत खोल जातो तेव्हा किंवा रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) चेंडू गवताच्या टोकांवर बसलेला असतो तेव्हा हे होतं. खूण अगदी खाली, कडेजवळ असेल तर थिन शॉट: चेंडू बुटका, गरम, ग्रीनपलीकडे. चांगल्या वेज शॉटची खूण फेसच्या मध्यापेक्षा थोडी खाली, खालून दुसऱ्या ते पाचव्या खाचेदरम्यान येते.

फॅट आणि थिन हे दोन वेगळे रोग नाहीत. दोन्हींत क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे असतो. क्लब जमिनीला लागला तर फॅट, जमिनीवरून निसटून वर येताना चेंडूला लागला तर थिन. म्हणून एकापाठोपाठ एक असे दोन्ही शॉट होत असतील, तर दोन इलाज शोधू नका. कारण बहुतेकदा एकच निघतं: चेंडू ‘उचलण्याच्या’ नादात वजन उजव्या पायावर राहतं. ५६ अंशांचा लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) ते काम करायलाच दिलेला आहे.

स्टान्सपासून, म्हणजे उभं राहण्याच्या पद्धतीपासून, सुरुवात करा. टाचांमध्ये क्लबहेडच्या दीडपट इतकंच अंतर. डावा पंजा थोडा बाहेर वळलेला. वजन डाव्या पायावर साठ टक्के, आणि ते स्विंगभर तिथेच. मागे जाऊन परत आणण्याइतका वेळ या छोट्या स्विंगमध्ये नसतो. चेंडू टाचांच्या मधोमध. पंजांच्या मधोमध ठेवलात तर डावा पंजा वळलेला असल्याने चेंडू खरं तर पुढे गेलेला असतो. ग्रिपचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर, त्याहून पुढे नको.

‘हात पुढे, चेंडू मागे’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने नुकसान होतं. शाफ्ट (क्लबचा दांडा) जास्त पुढे झुकला की वेजच्या तळाचा बाउन्स (क्लबला रुतू न देणारा तळाचा कोन) नाहीसा होतो आणि पुढची धार जमिनीत रुतते. शिवाय लॉफ्ट कमी झाल्याने चेंडू खाली आणि वेगात निघतो. त्यामुळे एक रुततो आणि एक उडून जातो. विखुरलेपणा वाढवायची याहून खात्रीची पद्धत नाही.

सराव साधा आहे. गवतावर खडूने किंवा स्प्रेने एक सरळ रेषा मारा. दोन्ही पाय रेषेच्या दोन बाजूंना ठेवून, चेंडूशिवाय, रेषेवरून सरकत वीस स्विंग करा. प्रत्येक डिव्हट रेषेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू व्हायला हवा. मागे सुरू झाला तर छाती वळलेली नाही, किंवा वजन मागे गेलं. वीसपैकी सोळा जमू लागले की रेषेवर चेंडू ठेवा. मॅटवर हा सराव निरुपयोगी आहे: क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी मॅटवरून सरकून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि शॉट बरा दिसतो. मॅटच वापरावी लागत असेल तर चेंडूच्या मागे चार इंचांवर घडी केलेला टॉवेल ठेवा. टॉवेलला क्लब लागला की शॉट बाद.

मनगटाची चूक याहून फसवी असते, कारण खुणा बऱ्यापैकी एकत्र येतात. आघाताच्या क्षणी उजवं मनगट चमच्यासारखं उलटलं की लॉफ्ट वाढतो, नाही उलटलं की कमी राहतो. दर शॉटला लॉफ्ट चार-पाच अंशांनी वर-खाली होत असेल, तर वेग तोच ठेवूनही अंतर हलणारच. दोन्ही काखांत एक लांब टॉवेल आडवा धरून अर्धे स्विंग मारा. टॉवेल पडला याचा अर्थ हात छातीला सोडून एकटे गेले. शेवटी थांबून बघा: ग्रिपचं टोक बेंबीकडे रोखलेलं असायला हवं.

बाउन्सबद्दल एवढंच: मऊ, ओलसर जमिनीवर दहा अंशांहून जास्त, टणक जमिनीवर चार ते आठ. सेटअप सुधारूनही क्लब रुततच असेल तर क्लबवर कोरलेला आकडा वाचा.

वेग बिघडलेला असेल तर

इथे दोन जाती दिसतात. एक, लांब बॅकस्विंग घेऊन खाली येताना ब्रेक लावणारे. दुसरे, भीतीने छोटा बॅकस्विंग घेऊन शेवटी झटका देणारे. वरवर उलटे दिसतात, पण दोघंही अंतर आघाताच्या क्षणी हातांनी ठरवत असतात. तो क्षण एवढा लहान असतो की तिथे काही ठरवता येत नाही. अंतर बॅकस्विंगच्या लांबीने ठरू द्यावं आणि गती दर वेळी एकच ठेवावी.

घड्याळाची पद्धत यासाठीच आहे. समोरून बघणाऱ्याला तुमचा डावा हात काट्यासारखा दिसतो. डावा हात साडेसातवर, नऊवर आणि साडेदहावर, अशा तीन लांब्या. काटा म्हणजे डावा हात, क्लबहेड नव्हे. नऊवर हात जमिनीला समांतर असतो आणि मनगट दुमडल्यामुळे शाफ्ट जवळपास उभा असतो. क्लबहेड नऊवर थांबवायला गेलात तर तो साडेसातचा स्विंग होतो आणि पुढचा सगळा तक्ता चुकतो.

आता फोन समोर, छातीच्या उंचीवर लावा आणि चित्रीकरण करा. ही पायरी टाळू नका. नऊ वाटलेला हात बहुतेकांचा साडेदहाला पोहोचलेला असतो. हात कुठे थांबले याची आपली जाणीव फारच ढोबळ असते. नऊ खरोखर नऊवर येईपर्यंत चेंडू न मारता स्विंग करा, पुन्हा बघा. बहुतेकांना नऊसाठी ‘आठ’ मनात धरावे लागतात. ठीक आहे, तसं धरा.

फॉलो-थ्रू बॅकस्विंगइतका किंवा किंचित जास्त. तो कमी पडला तर ब्रेक लागला. दुप्पट झाला तर झटका बसला. आवाज न करता ‘एक’ म्हणताना मागे, ‘दोन’ला आघात, साडेसात असो वा साडेदहा, मोजण्याची लय तीच. फोनवरचं मेट्रोनोम अॅप लावून केलं तर आणखी बरं.

ग्रिपचा दाब दहापैकी चार. दाब किती यापेक्षा तो मधेच बदलत नाही ना हे महत्त्वाचं. खाली येताना मूठ आवळली की मनगटं कडक होतात आणि क्लबहेडचा वेग पडतो. सुरुवातीलाच घट्ट धरणाऱ्यापेक्षा मधेच आवळणाऱ्याचं अंतर जास्त हलतं.

तक्ता

संपर्क आणि गती ठिकाणावर आल्याशिवाय तक्ता करू नका. नाहीतर चुकांचाच तक्ता होतो.

प्रत्येक वेज, प्रत्येक लांबी, दहा चेंडू. आधीसारखेच दोन टोकाचे सोडा, उरलेल्यांचा मधला आकडा घ्या, सरासरी नको. तीन वेज असतील तर नऊ आकडे आणि नव्वद चेंडू. एका दिवसात करू नका, थकल्यावर गती बदलते. वारा नसताना करा.

अंदाज यावा म्हणून एक नमुना. एखाद्याचा ४६ अंशांचा वेज पूर्ण स्विंगला ११० यार्ड, ५२ अंशांचा ९५ आणि ५६ अंशांचा ८० जात असेल, तर ४६ चे आकडे साधारण ५८, ८०, ९६ येतील; ५२ चे ५०, ६९, ८३; ५६ चे ४२, ५८, ७०. तुमचे वेगळे येतील आणि तेच खरे. या नमुन्यात ५८ दोनदा आलाय, आणि तीच तक्त्याची गंमत आहे. ४६ ने साडेसातला मारलेला ५८ खालून जाईल आणि टप्प्यानंतर पळेल. ५६ ने नऊला मारलेला ५८ उंच जाऊन लवकर थांबेल. झेंडा मागे असेल तर पहिला, पुढच्या बंकरच्या लगेच मागे असेल तर दुसरा. मधल्या आकड्यांसाठी ग्रिपवर एक इंच खाली पकडा. त्याने तीन ते पाच यार्ड कमी होतात. स्विंग ‘थोडा कमी’ करून ते यार्ड कापायला जाऊ नका.

तक्त्यात कुठे मोठं भगदाड दिसलं तर लॉफ्ट बघा. हल्लीच्या अनेक आयर्न सेटमधला पिचिंग वेज ४३-४४ अंशांचा असतो. त्याच्या पुढे थेट ५६ चा सँड वेज ठेवला तर मधे बारा अंश मोकळे राहतात, म्हणजे २५-३० यार्डांचा पट्टा ज्याला तुमच्याकडे पूर्ण स्विंगचा क्लब नाही. चार ते सहा अंशांचं अंतर चांगलं. १४ क्लबची मर्यादा आड येत असेल, तर फेरीत एखाद्या वेळीच निघणारा लांब आयर्न किंवा फेअरवे वुड काढून ५० चा वेज घालावा. बहुतेकांना हा सौदा फायद्याचाच पडतो. मॅटवर खूप सराव केलेल्या वेजचा लॉफ्ट एखाद-दोन अंश सरकलेलाही असतो; क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे तो मोजून, वाकवून घेता येतो.

खाचा झिजल्या असतील तर चेंडू उंच आणि कमी स्पिनने निघतो. २०१० पासूनच्या नियमाने २५ अंश आणि त्यापुढच्या क्लबच्या खाचांचं आकारमान आणि कडांची धार यांवर मर्यादा आली, त्यामुळे नव्या खाचांतही उधळायला फार काही नाही. दर शॉटनंतर त्या ब्रशने साफ करा.

रेंजवर जमतं, कोर्सवर नाही

मग लाय, म्हणजे चेंडू कशावर आणि कसा बसला आहे ते, बघा. सकाळचं दव किंवा पावसानंतरचं गवत: पाण्यामुळे फेस आणि चेंडूमधलं घर्षण घटतं, चेंडू उंच निघतो, स्पिन कमी, पडल्यावर ठरत नाही. चेंडू उचलून पुसता येत नाही, पण फेस कोरडा ठेवणं तुमच्या हातात आहे. हलक्या रफमधून कॅरी जवळपास तेवढाच पण धाव जास्त. दाट रफमध्ये गवत क्लबहेडला अडवतं, म्हणून नऊच्या जागी साडेदहा घ्या, आणि तिथून बिनचूक आकड्याची अपेक्षा सोडून ग्रीनचा मध्य धरा.

चढावर उभं असाल तर लॉफ्ट वाढतो आणि चेंडू कमी जातो, उतारावर उलट. खांदे उताराला समांतर ठेवून कमी किंवा जास्त लॉफ्टचा क्लब निवडा. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर वेज डावीकडे खेचतो, आणि लॉफ्ट जितका जास्त तितकं जास्त.

समोरून वारा असेल तर जोर लावायचा मोह होतोच. जोर म्हणजे स्पिन, स्पिनने चेंडू वर चढतो आणि वाऱ्यात जागीच पडतो. कमी लॉफ्टचा वेज, छोटा स्विंग.

आणि सरावाची पद्धत. एकाच टॉवेलवर एकामागून एक तीस चेंडू मारले की दहाव्यानंतर हात आपोआप जुळतो. कोर्सवर पहिला चेंडूच शेवटचा असतो. ३०, ४०, ५०, ६०, ७० यार्डांवर पाच टॉवेल टाका. चिठ्ठी काढून किंवा मनात येईल तसं लक्ष्य बदला, सलग दोनदा तेच नको. प्रत्येक वेळी क्लब पुन्हा निवडा, तक्त्यातली लांबी मोठ्याने बोला, एक सराव स्विंग, एक चेंडू. चेंडू पडल्यावर लेझर उचलण्याआधी तो कुठे पडला याचा आकडा सांगा आणि मग मोजा. सांगितलेला आणि मोजलेला आकडा जवळ येऊ लागणं हाच तुमचा ‘फील’. अशा पद्धतीने मारलेले तीस चेंडू पुरेसे असतात.

चेंडूचं मॉडेल बदललं, वेज नवा घेतला किंवा ग्रिप जाडीला वेगळी बसवली, तर तक्ता नव्याने करा. निदान तिन्ही वेजचा नऊवरचा आकडा तरी तपासा. हवा बरीच थंड झाली की चेंडू कमी जातो, तेव्हा जुन्या आकड्यांखाली थंडीचे वेगळे आकडे लिहा. तक्ता कागदावर लिहून बॅगेच्या कप्प्यात ठेवा.